२०२३मधील अपयशी व्हिडिओ गेम प्रकाशने

इ.स. २०२३ या वर्षात प्रकाशित झालेल्या अनेक बहुचर्चित व्हिडिओ गेमना तांत्रिक दोष, अपूर्ण रचना, भ्रामक जाहिरात किंवा सुमार दर्जा यांमुळे तीव्र टीकेला सामोरे जावे लागले. रेडफॉल, द लॉर्ड ऑफ द रिंग्ज: गॉलम, पेडे ३, स्कल आयलंड: राइज ऑफ काँग, सिटीज: स्कायलाइन्स २ आणि द डे बिफोर हे त्यांपैकी ठळक गेम होत. द लास्ट ऑफ अस: भाग १ आणि स्टार वॉर्स जेडाय: सर्व्हायव्हर या नावाजलेल्या गेमच्या संगणक आवृत्त्यांवरही टीका झाली.

या सर्वांत मोठे अपयश कोणाचे, याविषयी समीक्षक आणि खेळाडू यांच्यात एकमत झाले नाही. मतभेदाचे मुख्य कारण असे, की सुमार गेम, चांगला पण सदोष अवस्थेत विकलेला गेम आणि दिलेल्या वचनाशी न जुळणारा गेम या तीन वेगवेगळ्या गोष्टी 'अपयश' या एकाच शब्दाखाली मोजल्या गेल्या. निकष बदलला की उत्तरही बदलते. सदोष वस्तूची किंमत अखेरीस कोणी मोजली, हा प्रश्न या वादाच्या मुळाशी आहे.

पार्श्वभूमी

सदोष प्रकाशनांचा इतिहास व्हिडिओ गेम उद्योगाइतकाच जुना आहे. १९८२ साली अटारी या अमेरिकी कंपनीने ई.टी. या चित्रपटावर आधारित गेम नाताळच्या हंगामासाठी बाजारात आणला. त्याचे आज्ञावलीकार हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ यांना रचनेसाठी जेमतेम पाच आठवडे मिळाले होते. न खपलेली कार्ट्रिजे न्यू मेक्सिको राज्यातील अलामोगोर्डो येथील कचराभूमीत पुरण्यात आली आणि २०१४ साली झालेल्या उत्खननात ती पुन्हा सापडली. त्या काळी कार्ट्रिजमध्ये एकदा भरलेला गेम नंतर बदलता येत नसे. त्यामुळे चूक झाली तर ती कायमची राही.

इंटरनेटच्या प्रसारानंतर ही परिस्थिती पालटली. विक्री झालेल्या गेममध्येही पॅच या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सुधारणा घरबसल्या पोहोचवता येऊ लागल्या. दोष दुरुस्त करण्याची ही सोय खेळाडूंच्या हिताची होती. परंतु तिच्यामुळे गेम अपुरा असतानाच विकावा आणि उरलेले काम नंतर करावे, असा मोहही निर्माण झाला.

याचे सर्वांत गाजलेले उदाहरण म्हणजे पोलंडमधील सीडी प्रोजेक्ट या कंपनीचा सायबरपंक २०७७ हा गेम. १० डिसेंबर २०२० रोजी तो प्रकाशित झाला. जुन्या कन्सोलवर त्याची अवस्था इतकी वाईट होती, की सोनी कंपनीने आठवडाभरात तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढून टाकला. जून २०२१मध्ये तो तेथे परत आला. पुढे सप्टेंबर २०२३मध्ये आलेल्या व्यापक सुधारणेने आणि फँटम लिबर्टी या पुरवणीने त्याची प्रतिष्ठा बऱ्याच अंशी सावरली. म्हणजे २०२३मध्ये सदोष गेम बाजारात येत असतानाच, असा गेम कालांतराने सुधारता येतो याचा पुरावाही लोकांसमोर होता. खेळाडूंनी धीर धरावा, असे म्हणणाऱ्यांना त्यामुळे बळ मिळाले. दुरुस्तीसाठी तीन वर्षे का लागावीत, असा प्रतिप्रश्न करणाऱ्यांनाही त्याच उदाहरणाचा आधार मिळाला.

दर्जाच्या दृष्टीने पाहता २०२३ हे या क्षेत्रातील समृद्ध वर्ष मानले जाते. द लेजंड ऑफ झेल्डा: टिअर्स ऑफ द किंगडम, बाल्डर्स गेट ३ आणि ॲलन वेक २ हे समीक्षकांनी वाखाणलेले गेम याच वर्षातील आहेत. मोठ्या गेमची किंमत अमेरिकेत ६० डॉलरवरून ७० डॉलरवर जाण्याची प्रथाही याच सुमारास रूढ होत होती. उत्तम गेमशी होणारी तुलना आणि वाढलेली किंमत या दोन्हींमुळे सदोष गेमविषयीची नाराजी अधिक तीव्र झाली.

मूल्यमापनाचे निकष

वर्षातील सर्वांत मोठे अपयश ठरवताना सामान्यतः चार निकष वापरले गेले.

पहिला निकष समीक्षकांच्या गुणांचा आहे. मेटाक्रिटिकसारखी संकेतस्थळे विविध परीक्षणांतील गुणांची सरासरी शंभरापैकी देतात. हा निकष सोपा आणि तुलनेस सोयीचा आहे. मात्र एकच गेम एका यंत्रावर सुरळीत आणि दुसऱ्यावर सदोष चालू शकतो, हे सरासरीत दिसत नाही. सायबरपंक २०७७ची परीक्षणे प्रकाशनापूर्वी केवळ संगणक आवृत्तीवरून लिहिली गेली होती. कन्सोलवरील दोष खरेदीदारांना गेम हाती आल्यावरच समजले.

दुसरा निकष प्रकाशनाच्या दिवशीच्या तांत्रिक स्थितीचा आहे. गेम मध्येच बंद पडतो का, चित्रे अडखळतात का, सर्व्हरशी जोडणी होते का, या गोष्टी त्यात येतात. या निकषावर मुळात उत्तम असलेला गेमही अपयशी ठरू शकतो.

तिसरा निकष वचन आणि वस्तू यांतील अंतराचा आहे. जाहिरातीत दाखवलेले आणि प्रत्यक्षात मिळालेले यांची तुलना येथे होते. छोट्या संस्थेच्या साध्या गेमकडून कोणी फार अपेक्षा करत नाही. त्यामुळे तो वाईट असला तरी फसवणुकीची भावना क्वचितच निर्माण होते.

चौथा निकष परिणामांचा आहे. खरेदीदाराचे पैसे परत मिळाले का, गेम पुढे खेळण्यायोग्य राहिला का आणि तो घडवणाऱ्या कर्मचाऱ्यांचे काय झाले, हे त्यात पाहिले जाते. वर्षअखेरीच्या याद्यांमध्ये हा निकष सहसा मागे पडतो, कारण परिणाम दिसून येण्यास काही महिने किंवा वर्षेही लागतात.

वर्षातील प्रमुख प्रकरणे

संगणक आवृत्त्यांतील दोष

द लास्ट ऑफ अस: भाग १ हा गेम प्लेस्टेशन ५वर सप्टेंबर २०२२मध्ये आला होता आणि तेथे त्याचे कौतुक झाले होते. २८ मार्च २०२३ रोजी आलेली त्याची संगणक आवृत्ती मात्र वारंवार बंद पडत असे. गेम सुरू होण्यापूर्वी शेडर तयार करण्याची, म्हणजे चित्रांकनाच्या सूचना त्या त्या संगणकाला समजतील अशा रूपात बदलण्याची प्रक्रिया पूर्ण व्हावी लागते. अनेक संगणकांवर या प्रक्रियेस फार वेळ लागत होता. स्टीम या विक्रीमंचाच्या नियमानुसार, खरेदीपासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांहून कमी खेळलेल्या गेमचे पैसे परत मागता येतात. हे दोन तास शेडर तयार होण्यातच खर्ची पडू लागले, अशी खेळाडूंची तक्रार होती.

२८ एप्रिल रोजी स्टार वॉर्स जेडाय: सर्व्हायव्हर प्रकाशित झाला. त्याची कथा आणि रचना समीक्षकांना आवडली. तथापि महागड्या संगणकांवरही तो अडखळत चालत असल्याचे आढळले. प्रकाशक इलेक्ट्रॉनिक आर्ट्स कंपनीने त्याच दिवशी या अडचणी मान्य करून दुरुस्तीचे आश्वासन दिले.

रेडफॉल

रेडफॉल हा गेम २ मे २०२३ रोजी एक्सबॉक्स आणि संगणकासाठी प्रकाशित झाला. टेक्सास राज्यातील आर्केन ऑस्टिन या संस्थेने तो घडवला होता. या संस्थेचा प्रे हा २०१७मधील गेम जाणकारांनी नावाजला होता. आर्केनची मूळ कंपनी झेनिमॅक्स मार्च २०२१मध्ये मायक्रोसॉफ्टच्या ताब्यात आली. त्यामुळे रेडफॉलकडे मायक्रोसॉफ्टच्या नव्या धोरणाची कसोटी म्हणून पाहिले जात होते.

रक्तपिपासू पिशाच्चांनी ग्रासलेल्या एका काल्पनिक शहरात खेळाडूंनी एकत्र येऊन लढावे, अशी या गेमची कल्पना होती. प्रत्यक्षात शहर ओसाड वाटते, शत्रू निर्बुद्धपणे वागतात आणि दोष जागोजागी आढळतात, अशी टीका झाली. एकट्याने खेळतानाही इंटरनेट जोडणी अनिवार्य होती. एक्सबॉक्सवर गेम सेकंदाला ६० चित्रांच्या गतीने चालणार नाही, हे प्रकाशनाच्या काही आठवडेच आधी सांगण्यात आले. ती सोय ऑक्टोबरमध्ये देण्यात आली. एक्सबॉक्स विभागाचे प्रमुख फिल स्पेन्सर यांनी प्रकाशनानंतरच्या मुलाखतीत जाहीरपणे दिलगिरी व्यक्त केली आणि आर्केनच्या कामाकडे कंपनीने वेळीच पुरेसे लक्ष दिले नाही, हे मान्य केले.

द लॉर्ड ऑफ द रिंग्ज: गॉलम

जे. आर. आर. टॉल्किन यांच्या कादंबरीतील गॉलम या पात्रावर आधारित हा गेम जर्मनीतील हॅम्बुर्ग येथील डेडॅलिक एंटरटेनमेंट या संस्थेने घडवला. २०१९मध्ये घोषित झालेला हा गेम अनेकदा पुढे ढकलला जाऊन २५ मे २०२३ रोजी प्रकाशित झाला. डेडॅलिकची ख्याती चित्रमय कोडी सोडवण्याच्या द्विमितीय साहसी गेमसाठी होती. उड्या मारणे, चढणे आणि लपतछपत पुढे सरकणे यांवर आधारलेला मोठा त्रिमितीय गेम हे तिच्यासाठी बरेच नवे क्षेत्र होते.

कालबाह्य वाटणारी चित्रे, बेभरवशाचे नियंत्रण आणि कंटाळवाणी रचना यांमुळे त्या वर्षातील नामांकित गेमपैकी समीक्षकांचे अत्यंत कमी गुण मिळवणाऱ्यांत त्याची गणना झाली. टॉल्किन यांनी निर्माण केलेल्या सिंडारिन भाषेतील संवादांसाठी वेगळी किंमत आकारण्यात आली, यावरही टीका झाली. प्रकाशनानंतर लगेचच प्रसृत केलेल्या क्षमापत्रात गेमचे नावच चुकीचे लिहिले गेल्याने संस्थेची अधिक शोभा झाली.

पेडे ३

स्वीडनमधील स्टारब्रीझ या संस्थेचा पेडे ३ हा गेम २१ सप्टेंबर २०२३ रोजी प्रकाशित झाला. एकट्याने खेळायचे असले तरी सर्व्हरशी जोडणी आवश्यक होती आणि खेळाडूंच्या जोड्या लावणारी यंत्रणाच पहिल्या काही दिवसांत कोलमडली. त्यामुळे पैसे मोजलेल्या अनेकांना गेम सुरूही करता आला नाही. हे अपयश गेमच्या गुणवत्तेपेक्षा त्याच्या वितरणरचनेचे होते.

स्कल आयलंड: राइज ऑफ काँग

१७ ऑक्टोबर रोजी प्रकाशित झालेला हा गेम चिलीमधील इग्वानाबी या छोट्या संस्थेने गेममिल या प्रकाशकासाठी घडवला. त्यातील ओबडधोबड दृश्यांची समाजमाध्यमांवर मोठ्या प्रमाणात थट्टा झाली. त्यानंतर द व्हर्ज या प्रकाशनाने दिलेल्या वृत्तात, हा गेम घडवण्यासाठी संस्थेला जून २०२२ ते जून २०२३ असा साधारण एकच वर्षाचा अवधी मिळाला होता, असे म्हटले होते. हे वृत्त आल्यावर थट्टेचा सूर काहीसा बदलला आणि दोषाचे बोट प्रकाशकाकडे वळले.

सिटीज: स्कायलाइन्स २

फिनलंडमधील कोलॉसल ऑर्डर या संस्थेचा हा नगररचनेचा गेम २४ ऑक्टोबर रोजी स्वीडनच्या पॅराडॉक्स इंटरॅक्टिव्ह कंपनीने प्रकाशित केला. २०१५मधील त्याचा पहिला भाग अत्यंत लोकप्रिय होता. दुसऱ्या भागाची गती ठरवलेल्या उद्दिष्टापर्यंत पोहोचलेली नाही, हे विकसकांनी प्रकाशनापूर्वीच जाहीर केले. कन्सोल आवृत्ती लांबणीवर टाकण्यात आली, संगणक आवृत्ती मात्र ठरल्या दिवशी विक्रीस आली. नगरातील नागरिकांच्या प्रतिमा गरजेपेक्षा कितीतरी अधिक तपशिलाने रेखाटल्यामुळे संगणकावर भार पडत असल्याचे पुढे उघड झाले. तोंडातील दातांपर्यंत केलेले रेखाटन हा थट्टेचा विषय ठरला.

गेम अजून मंद असतानाच मार्च २०२४मध्ये बीच प्रॉपर्टीज ही सशुल्क पुरवणी विक्रीस आणण्यात आली. तिच्यावर इतकी टीका झाली, की एप्रिलमध्ये दोन्ही संस्थांनी संयुक्तपणे माफी मागून ती विनामूल्य केली आणि घेतलेले पैसे परत देण्याची घोषणा केली.

द डे बिफोर

फ्नटॅस्टिक या संस्थेने जानेवारी २०२१मध्ये द डे बिफोर या गेमची घोषणा केली. रोगराईने उद्ध्वस्त झालेल्या अमेरिकेत असंख्य खेळाडू एकाच विशाल जगात तग धरून राहतील, असे चित्र जाहिरातींतून रंगवले गेले. स्टीमवरील इच्छासूचीत तो एके काळी अग्रस्थानी होता. प्रकाशनाची तारीख अनेकदा बदलली. जानेवारी २०२३मध्ये नावाच्या व्यापारचिन्हावरून वाद झाल्याने त्याचे स्टीमवरील पानही काढले गेले. हा गेम खरोखर अस्तित्वात आहे का, अशी शंका तेव्हापासूनच घेतली जात होती.

७ डिसेंबर २०२३ रोजी सुमारे ४० डॉलर किमतीला तो अर्ली ॲक्सेस, म्हणजे विकसनाधीन अवस्थेतील विक्री, या सदराखाली उपलब्ध झाला. जाहिरातीतील विशाल सामायिक जगाऐवजी मर्यादित नकाशावर लूट गोळा करून सुरक्षित बाहेर पडण्याचा साधा नेमबाजीचा गेम खेळाडूंच्या हाती आला. अवघ्या चार दिवसांनी, ११ डिसेंबर रोजी, आर्थिक अपयशाचे कारण देऊन संस्थेने स्वतःच बंद होत असल्याचे जाहीर केले. गेमची विक्री थांबली. खेळलेला वेळ न पाहता स्टीमवरील खरेदीदारांना पैसे परत देण्याची व्यवस्था करण्यात आली. २२ जानेवारी २०२४ रोजी सर्व्हर बंद झाले आणि गेम कायमचा निरुपयोगी झाला.

कारणमीमांसा

या प्रकरणांची कारणे एकसारखी नाहीत, तरी त्यांत काही समान सूत्रे आढळतात.

पहिले सूत्र अनुभवी मनुष्यबळाच्या गळतीचे आहे. जून २०२३मध्ये ब्लूमबर्गने दिलेल्या वृत्तांतानुसार, प्रे या गेमवर काम केलेल्या ऑस्टिनमधील कर्मचाऱ्यांपैकी सुमारे ७० टक्के लोक रेडफॉल पूर्ण होईपर्यंत संस्था सोडून गेले होते. एकट्याने खेळायच्या, बारकाईने रचलेल्या गेमसाठी प्रसिद्ध असलेल्या संस्थेला अनेकांनी मिळून खेळायच्या गेमकडे वळवल्याने जुने कर्मचारी नाराज होते, असेही त्यात नमूद होते.

दुसरे सूत्र कुवत आणि महत्त्वाकांक्षा यांच्या विजोडपणाचे आहे. डेडॅलिकने आपल्या परिचित क्षेत्राबाहेर मोठी झेप घेतली. इग्वानाबीवर आलेल्या कामाच्या मानाने वेळ फार थोडा होता. दोन्ही प्रसंगी प्रसिद्ध पात्राचे नाव गेमला लाभले. त्या नावामुळे अपेक्षा वाढल्या, त्या प्रमाणात साधने मात्र वाढली नाहीत.

तिसरे सूत्र तारखेच्या सक्तीचे आहे. आर्थिक वर्षाची अखेर, सणासुदीचा हंगाम, चित्रपट किंवा मालिकेच्या प्रदर्शनाशी जुळवलेला मुहूर्त आणि जाहिरातींवर आधीच झालेला खर्च यांमुळे ठरलेला दिवस टाळणे कठीण होते. सिटीज: स्कायलाइन्स २ या प्रकरणात तर दोष ठाऊक असूनही दिवस पाळण्यात आला.

चौथे सूत्र संगणकांच्या विविधतेचे आहे. एका प्रकारच्या कन्सोलची यंत्ररचना ठरलेली असते. संगणकांत मात्र प्रक्रियक, आलेख-पत्र आणि स्मृती यांचे असंख्य संयोग असतात. त्या सर्वांवर चाचणी घेणे खर्चिक असल्याने संगणक आवृत्तीच सर्वाधिक वेळा सदोष ठरते.

विलंब आणि त्याची मर्यादा

सदोष गेम विकण्यापेक्षा प्रकाशन पुढे ढकलावे, असा उपाय नेहमी सुचवला जातो. टिअर्स ऑफ द किंगडम हा २०२२साठी नियोजित गेम निन्टेंडोने पुढे ढकलून १२ मे २०२३ रोजी प्रकाशित केला आणि त्याचे सर्वत्र स्वागत झाले. दुसरीकडे गॉलम आणि द डे बिफोर हेही वारंवार पुढे ढकलले गेले होते. यावरून असे दिसते, की मिळालेला वेळ उपयोगी पडण्यासाठी मुळात संकल्पना, कौशल्य आणि निधी जागेवर असावे लागतात.

विलंबाच्या मर्यादेचे एक उदाहरण महाराष्ट्राशी संबंधित आहे. प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम या २००३मधील गेमची नवी आवृत्ती घडवण्याचे काम युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीच्या पुणे आणि मुंबई येथील संस्थांकडे देण्यात आले होते. सप्टेंबर २०२० मध्ये दाखवलेल्या पहिल्या झलकीतील चित्रांच्या दर्जावर जगभरातून टीका झाली. जानेवारी २०२१मध्ये नियोजित असलेले प्रकाशन आधी मार्चपर्यंत आणि नंतर बेमुदत पुढे गेले. मे २०२२मध्ये हे काम कॅनडातील माँट्रियल येथील शाखेकडे सोपवल्याचे कंपनीने जाहीर केले. खरेदीदारांच्या माथी सदोष वस्तू मारली गेली नाही, ही या निर्णयाची जमेची बाजू होय. परंतु एवढा मोठा गेम स्वतःच्या नावावर पूर्ण करण्याची दुर्मीळ संधी पुण्या-मुंबईतील कर्मचाऱ्यांच्या हातून गेली.

अर्ली ॲक्सेस हाही एक मधला मार्ग मानला जातो. बेल्जियममधील लॅरियन स्टुडिओजने बाल्डर्स गेट ३ या गेमचा केवळ पहिला अंक ऑक्टोबर २०२०मध्ये, तो अपूर्ण असल्याचे स्पष्ट सांगून, विक्रीस ठेवला. खेळाडूंच्या सूचना विचारात घेत जवळपास तीन वर्षे काम करून ऑगस्ट २०२३मध्ये संपूर्ण गेम प्रकाशित केला. ७ डिसेंबर २०२३ रोजी लॉस एंजेलिस येथे झालेल्या द गेम अवॉर्ड्स समारंभात त्याला वर्षातील सर्वोत्कृष्ट गेमचा पुरस्कार मिळाला. त्याच दिवशी, त्याच सदराखाली द डे बिफोर विक्रीस आला होता. एकाच नावाच्या सोयीचा उपयोग एका संस्थेने खरेदीदाराला विश्वासात घेण्यासाठी केला. दुसऱ्या ठिकाणी तीच सोय अपुऱ्या वस्तूची ढाल झाल्याची टीका झाली.

परिणाम

खरेदीदारांवरील परिणाम

सदोष गेम विकत घेणाऱ्यासमोर तीन पर्याय असतात: पैसे परत मागणे, दुरुस्तीची वाट पाहणे किंवा नुकसान सोसणे. पैसे परत मिळण्याचे नियम विक्रीमंचानुसार बदलतात आणि ते सर्वत्र सारखे उदार नसतात. पहिल्या दोन तासांत न जाणवणारे दोष पुढे आढळले, तर स्टीमच्या नेहमीच्या मुदतीचाही उपयोग होत नाही. प्रकाशनापूर्वीच आगाऊ नोंदणी करून पूर्ण किंमत मोजणाऱ्या चाहत्याला परीक्षणे वाचून निर्णय घेण्याची संधीच मिळत नाही. सर्वाधिक विश्वास टाकणारा ग्राहक अशा रीतीने सर्वाधिक धोका पत्करतो.

भारतात जुलै २०२०पासून लागू झालेल्या ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ने ऑनलाइन खरेदीचा समावेश आपल्या कक्षेत केला असून दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयीही त्यात तरतुदी आहेत. तक्रारदाराला आपल्या निवासस्थानाच्या जिल्ह्यातील आयोगाकडे तक्रार करता येते. तथापि परदेशी प्रकाशकाच्या गेमसाठी काही हजार रुपयांकरिता हा मार्ग कितीजण चोखाळतील, हा व्यवहाराचा प्रश्न उरतो.

कर्मचाऱ्यांवरील परिणाम

जुलै २०२३च्या आरंभी डेडॅलिकने गेम घडवणारा आपला विभाग बंद केला. नव्वदहून अधिक कर्मचाऱ्यांपैकी २५ जणांना त्याची झळ बसली. त्यानंतर ही संस्था इतरांचे गेम प्रकाशित करण्यापुरती मर्यादित राहिली.

७ मे २०२४ रोजी मायक्रोसॉफ्टने आर्केन ऑस्टिन बंद करत असल्याचे जाहीर केले. त्याच घोषणेत टोकियोतील टँगो गेमवर्क्स ही संस्थाही बंद करण्याचा निर्णय होता. टँगोचा हाय-फाय रश हा गेम जानेवारी २०२३मध्ये प्रकाशित झाला होता आणि तो त्या वर्षीच्या सर्वाधिक नावाजलेल्या गेमपैकी एक होता. ऑगस्ट २०२४मध्ये दक्षिण कोरियाच्या क्राफ्टन कंपनीने टँगोची धुरा स्वीकारल्याने ती संस्था वाचली. आर्केन ऑस्टिनला असा आधार मिळाला नाही. अपयशी आणि यशस्वी गेमच्या कर्त्यांवर एकाच दिवशी एकच पाळी आल्याने, नोकरीची शाश्वती कामाच्या दर्जावर अवलंबून असते या समजाला धक्का बसला. ही कपात एकाकी नव्हती. सप्टेंबर २०२३मध्ये एपिक गेम्सने सुमारे ८३० आणि जानेवारी २०२४मध्ये मायक्रोसॉफ्टच्या गेम विभागाने सुमारे १,९०० कर्मचारी कमी केले.

तुलनात्मक मूल्यांकन

समीक्षकांच्या गुणांचा निकष लावला, तर गॉलम आणि राइज ऑफ काँग ही नावे पुढे येतात. साधनांच्या मानाने झालेली निराशा मोजली, तर रेडफॉलचा दोष अधिक भरतो, कारण त्याच्यामागे जगातील अत्यंत धनाढ्य कंपन्यांपैकी एक उभी होती. पहिल्या दिवसाची तांत्रिक स्थिती पाहिली, तर पेडे ३ आणि द लास्ट ऑफ असची संगणक आवृत्ती यांचा उल्लेख अपरिहार्य ठरतो. वचन आणि वस्तू यांतील अंतर हा निकष मानला, तर द डे बिफोरशी तुलना होईल असे उदाहरण त्या वर्षात दुसरे नाही.

परिणामांचा विचार केल्यास क्रम पुन्हा बदलतो. द डे बिफोरच्या खरेदीदारांसाठी पैसे परत देण्याची व्यवस्था झाली, म्हणजे आर्थिकदृष्ट्या त्यांची हानी अनेक 'सौम्य' प्रकरणांपेक्षा कमी ठरली. सिटीज: स्कायलाइन्स २चे दोष आधीच सांगितले गेले होते, त्यामुळे त्याला फसवणूक म्हणता येत नाही. तरीही पूर्ण किंमत मोजून दुरुस्तीची दीर्घकाळ वाट पाहण्याचा भार खरेदीदारांवरच पडला. रेडफॉल आणि गॉलमच्या बाबतीत सर्वांत मोठी किंमत कर्मचाऱ्यांनी मोजली, आणि दिशा व मुदत ठरवण्याचे अधिकार त्यांच्यापैकी बहुतेकांकडे नव्हते.

दुरुस्तीची शक्यता हा या गेममधील आणखी एक महत्त्वाचा भेद आहे. आर्केन ऑस्टिन बंद करण्याचा निर्णय झाल्यावरही तेथील कर्मचाऱ्यांनी रेडफॉलची अखेरची सुधारणा पूर्ण केली. मे २०२४च्या अखेरीस ती उपलब्ध झाली. इंटरनेट जोडणीशिवाय खेळण्याची आणि एकट्याने खेळताना गेम थांबवून ठेवण्याची सोय तिच्यामुळे प्रथमच मिळाली. त्यामुळे संस्था बंद झाली तरी गेम खरेदीदारांकडे खेळण्यायोग्य स्थितीत राहिला. द डे बिफोरचे सर्व्हर बंद झाल्यानंतर त्याच्या खरेदीदारांकडे तसे काहीही उरले नाही.